धर्मादाय कार्य आणि सरकारी करार



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षांत कृतज्ञतेचे जे अनेक संकल्प पुढें आले, त्यांत एक असा आहे कीं, संत विन्सेंट द पॉल सभेनें आजवर मूठमूठ तांदूळ व थोडथोडी वर्गणी गोळा करून जें काम चालविलें, त्यास आतां स्थायी स्वरूप द्यावें. निराधार मुलांसाठीं एक वसतिगृह काढावें, आणि त्याचा खर्च सरकारी योजनेंतून, दर मुलामागें ठराविक रक्कम घेऊन, भागवावा. योजनेचा छापील अर्ज कोणी उत्साही बंधूनें आणूनहि ठेवला आहे. तो भरावा कीं न भरावा, हें ठरविण्याचा अधिकार एकट्या माझा नाहीं. परंतु ज्या वाटेनें आपणांस जावयाचें, त्या वाटेनें पूर्वीं कोण गेले व त्यांचें पुढें काय झालें, एवढें सांगणें मला माझें कर्तव्य वाटतें. आणि स्मरणिकेच्या संपादकांनीं त्यासाठीं हीं पानें दिलीं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहें.

ज्या संताचें नांव आपली सभा लावते, त्यांच्यापासूनच आरंभ करणें योग्य. सतराव्या शतकांत पॅरिस शहरांत टाकून दिलेलीं अर्भकें एका घरांत नेऊन ठेवीत व तेथें तीं बहुतेक मरत. १६३८ सालीं संत विन्सेंट व संत लुईज द मारियाक यांनीं त्यांतील कांहीं मुलें आपल्या धर्मकन्यांच्या ओटींत घातलीं. मुलें वाढलीं तसा खर्च वाढला, आणि तेव्हां राजानें दिलेली वार्षिक नेमणूक संतांनीं संकोच न करितां घेतली. पण १६५६ सालीं शहरांतील भिकाऱ्यांना पकडून कोंडून ठेवण्यासाठीं राजाज्ञेनें एक अवाढव्य संस्था निघाली, आणि तिच्यांतील धर्मसेवेचें काम विन्सेंटच्या संघाकडे सोंपविण्याचें ठरलें, त्या वेळीं मात्र त्यांनीं नम्रपणें नकार दिला. एकाच संताच्या आयुष्यांत हीं दोन उत्तरें आहेत. १६६० सालीं ते निवर्तले. १६७० सालीं चौदाव्या लुईच्या आज्ञेनें अर्भकांचें तें घरहि त्याच अवाढव्य संस्थेला जोडण्यांत आलें.

तथापि या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ व सर्वांत बारकाईनें नोंदलेला अनुभव अमेरिकेंतील कॅथॉलिक संस्थांचा, त्यांतहि न्यूयॉर्क शहराचा आहे. तो देश आपल्याहून कितीतरी श्रीमंत. परंतु त्या काळीं तेथील कॅथॉलिक बहुतेक आयर्लंडहून दुष्काळांत पळून आलेले मजूर होते, हें विसरूं नये.

१८६९ पूर्वीं त्या शहरांत सांपडलेलीं अर्भकें ब्लॅकवेल बेटावरील सरकारी दरिद्रालयांत पाठवीत. तेथील कंगाल बायकाच त्यांस पाजण्यास नेमलेल्या असत. त्यांतून जगणारें मूल विरळा. ११ ऑक्टोबर १८६९ रोजीं सिस्टर आयरीन फिट्झगिब्बन या धर्मभगिनीनें आपल्या दोन सोबतिणींसह पूर्व बाराव्या रस्त्यावरील एका घरांत अर्भकालय मांडलें. जवळ पांच डॉलर होते असें सांगतात. तीन महिने तयारी करावी व मग दार उघडावें, असा त्यांचा बेत होता; परंतु त्याच रात्रीं पायरीवर एक मूल येऊन पडलें, आणि पहिल्या महिन्यांत आणखी ४५ आलीं. दारांतच एक वेताचा पाळणा ठेवलेला असे. आईनें यावें, मूल त्यांत ठेवावें, आणि नांवगांव न सांगतां निघून जावें, अशी त्या घराची रीत होती.

पुढील वर्षीं, १८७० सालीं, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानें इमारतीसाठीं १,००,००० डॉलर मंजूर केले. अट अशी कीं, तितकीच रक्कम भगिनींनीं लोकांकडून जमवावी. (या सर्व इतिहासांत ही एक अट मला फार शहाणपणाची वाटते. सरकारचा हात पुढें झाला तरी शेजाऱ्याचा हात खिशांत जावयाचा थांबला नाहीं.) १८७३ सालीं नवी इमारत उभी राहिली. पण इमारत एकदांच बांधावयाची असते. दूध रोज लागतें. म्हणून पुढें शहराच्या तिजोरींतून दर मुलामागें रक्कम मिळूं लागली, आणि आपल्या विषयाचा खरा आरंभ येथें होतो.

कॅथॉलिकांनीं ही रक्कम लोभानें मागितली असें नाहीं. चार्ल्स लोरिंग ब्रेस या प्रोटेस्टंट गृहस्थाच्या संस्थेनें १८५४ पासून शहरांतील मुलें आगगाडीनें पश्चिमेकडील शेतकऱ्यांच्या घरीं पाठविण्याचा क्रम चालविला होता. हेतु दयेचा होता. परंतु आयरिश मजुराचें मूल दूरच्या प्रोटेस्टंट घरीं गेलें म्हणजे तें आईबापांस आणि धर्मासहि अंतरलें, हें दुःख घरोघर होतें. म्हणून १८६३ सालीं लीव्हाय आइव्ह्ज यांनीं, जे पूर्वीं प्रोटेस्टंट बिशप असून नंतर कॅथॉलिक झाले होते, मोठ्या मुलांसाठीं 'कॅथॉलिक प्रोटेक्टरी' काढली. तेथें मुलांना छपाई, जोडे शिवणें असे धंदे शिकवीत. १८७५ सालीं राज्यानें कायदा केला कीं, तीन वर्षांवरील मुलें यापुढें दरिद्रालयांत ठेवूं नयेत. तीं कुटुंबांत किंवा संस्थांत ठेवावीं, आणि शक्य तोंवर आईबापांच्याच धर्माच्या संस्थेंत ठेवावीं. सरकारपाशीं पैसा होता, हात नव्हते. धर्मभगिनींपाशीं हात होते, पैसा नव्हता. त्या कायद्यानें दोहोंची गांठ घातली.

आतां त्या गांठीचा परिणाम पाहा. संस्थेस पैसा मिळे तो दर मुलामागें, दर दिवशीं, आणि मूल संस्थेंत असेपर्यंतच. मूल घरीं परत गेलें कीं पैसा थांबला; पण छपराचें भाडें, कोळसा, स्वयंपाकघर यांचा खर्च थांबला नाहीं. विधवा आईच्या घरांत महिन्याकाठीं थोडी मदत पोंचवून मूल तिच्याजवळच ठेवावें, तर त्यासाठीं त्या व्यवस्थेंत एक छदामहि नव्हता. परिणाम असा झाला कीं संस्था वाढल्या, खाटा वाढल्या, आणि दोन्ही आईबाप हयात असलेलीं मुलेंहि हलाखीच्या दिवसांत तेथें येऊन राहूं लागलीं. राज्याच्या धर्मादाय मंडळावरील पहिल्या स्त्रीसभासद जोसेफिन शॉ लोवेल यांनीं या पद्धतीवर कडक टीका केली. कॅथॉलिक लोक त्यांच्यावर रुष्ट झाले; त्यांच्या टीकेस प्रोटेस्टंट श्रीमंतांच्या तिरस्काराचा वास येतो असें म्हणत. तो वास थोडाफार होताहि. परंतु खाटांविषयींचें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि तें आपल्यांतीलच एकानें पुढें ओळखलें. त्यांच्याविषयीं लवकरच सांगतों.

दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. सरकारी रक्कम स्वस्त होती, कारण धर्मभगिनींना वेतन नव्हतें. पहांटे चार वाजतां उठून चाळीस मुलांचे लंगोट धुणाऱ्या सिस्टरचा पगार शहराच्या हिशेबांत कोठेंच दिसत नसे. म्हणजे खरें पाहतां सरकार चर्चला पोशीत होतें त्याहून अधिक चर्चच सरकारला पोशीत होतें. हें कोणाच्याच ध्यानांत राहिलें नाहीं, आणि पुढें धर्मभगिनींची संख्या घटून पगारी माणसें नेमावीं लागलीं तेव्हां त्याचें मोल कळलें.

१८९४ सालीं राज्याची घटना नव्यानें लिहिली गेली. धर्मपंथांच्या शाळांना सार्वजनिक पैसा देण्यास तिनें बंदी केली. अनाथालयांना मात्र तो चालूं ठेविला, पण असें घातलें कीं, राज्याच्या धर्मादाय मंडळाचे नियम पाळून घेतलेल्या व ठेवलेल्या मुलांपुरताच पैसा मिळेल. आईनें नांव न सांगतां मूल पाळण्यांत ठेवून जाण्याचा काळ त्या दिवशीं संपूं लागला. पैशाबरोबर नोंदवही आली, नोंदवहीबरोबर तपासनीस आला. पैसा देणारा हिशेब विचारतो, यांत पाप नाहीं.

मघां ज्यांचा उल्लेख केला, ते गृहस्थ म्हणजे थॉमस मलरी. हे धर्मगुरु नव्हते. धंद्यानें इमारतीचे कंत्राटदार, पुढें पेढीचे चालक, आणि न्यूयॉर्कच्या संत विन्सेंट द पॉल सभेचे पुढारी. संस्थांच्या खाटा भरत चालल्या आहेत आणि कुटुंबें रिकामीं होत आहेत, हें गरिबांच्या घरीं पायीं जाणाऱ्या सभासदांना रोज दिसत होतें. १८९८ सालीं मलरी यांच्या पुढाकारानें अनाथ मुलांना कॅथॉलिक कुटुंबांतच ठेवून देणारी एक कचेरी निघाली. आणि १९०९ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं निराधार मुलांच्या प्रश्नावर वॉशिंग्टन येथें परिषद बोलाविली, तींत मलरी यांनीं प्रमुख भाग घेतला. केवळ दारिद्र्यासाठीं कोणत्याहि मुलास घरापासून तोडूं नये, असा निर्णय त्या परिषदेनें दिला. ज्या सभेचे आपण सभासद, तिच्याच एका सभासदाचें हें काम आहे, म्हणून थोडें विस्तारानें लिहिलें.

यानंतरचें प्रकरण लाजिरवाणें आहे, आणि लाज दोन्हीं बाजूंस वांटून घ्यावी लागते. १९१४ सालीं जॉन मिचेल हे महापौर झाले. ते स्वतः कॅथॉलिक होते. त्यांच्या धर्मादाय खात्यानें शहराचा पैसा घेणाऱ्या संस्थांची तपासणी केली, आणि अस्वच्छता, कठोर शिक्षा, मुलांकडून घेतलें जाणारें अतिरिक्त काम, असे दोष प्रसिद्ध केले. त्यांत कॅथॉलिक संस्था होत्या, इतरहि होत्या. आपल्या लोकांनीं दोष दुरुस्त करण्यापूर्वीं पत्रकें छापून खात्याच्या हेतूंवर हल्ला केला. उलट सरकारी बाजूनें १९१६ सालीं त्या पत्रकांचा माग काढण्यासाठीं पोलिसांकरवीं एका धर्मगुरूचा टेलिफोन चोरून ऐकविला. अनाथ मुलें बाजूस राहिलीं आणि भांडण राजकारणांत गेलें. १९१७ सालीं मिचेल निवडणुकींत पडले. त्यास इतरहि कारणें होतीं. पण यांतून एक चांगली गोष्ट निघाली. आर्चबिशप पॅट्रिक हेझ यांनीं आपल्या सर्व संस्थांची स्वतःच पाहणी करविली आणि १९२० सालीं महाधर्मप्रांताचें एक मध्यवर्ती धर्मादाय मंडळ स्थापून धर्मग्रामांतून वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था लाविली. दुसऱ्यानें दोष दाखविण्याच्या आधीं आपणच आपलें घर झाडावें, हें त्यांना कळलें होतें.

१९३३ सालीं मंदीच्या काळांत चाक उलट फिरलें. मध्यवर्ती सरकारच्या दुष्काळनिवारणासारख्या मदतखात्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनीं नियम केला कीं, सरकारी पैसा सरकारी नोकरांच्याच हातून वांटला जाईल. अनेक ठिकाणीं खाजगी संस्था एका रात्रींत बाजूस पडल्या. शिकागोचे कार्डिनल मुंडलाईन यांनीं मात्र खटपट करून आपली धर्मादाय कचेरीच सरकारी यंत्रणेचा भाग मानवून घेतली. ही युक्ति कीं शरणागति, याविषयीं आजहि मतभेद आहेत. त्याच वर्षीं १ मे रोजीं न्यूयॉर्कमध्यें डोरोथी डे या बाईंनीं अगदीं निराळी वाट धरिली. त्यांच्या अन्नछत्रानें सरकारचा पैसा घेतला नाहीं, करमाफीहि मागितली नाहीं. पुढें भुयारी रेल्वेसाठीं शहरानें त्यांचें घर घेतलें, आणि मोबदला देण्यास विलंब झाला म्हणून ३,५७९ डॉलर ३९ सेंट व्याज दिलें. १९६० सालीं बाईंनीं तें व्याज परत पाठविलें. सर्वांना झेपेल अशी ही वाट नव्हे. मलाहि ती झेपली नसती. पण ती आहे, हें ठाऊक असावें.

१९६७ सालच्या कायद्यानें राज्यांना मध्यवर्ती पैशांतून खाजगी संस्थांची सेवा कराराने विकत घेण्याची मोकळीक मिळाली, आणि तेथून कराराचा महापूर आला. देशांतील कॅथॉलिक धर्मादाय संस्थांचें निम्म्याहून अधिक उत्पन्न सरकारी झालें. शब्द बदलला, हेंहि पाहावें. पूर्वीं सरकार दान करणाऱ्यास साहाय्य करी. आतां तें माल विकत घेणारें गिऱ्हाईक झालें, आणि गिऱ्हाईक माल कसा असावा हें सांगूं लागलें. याचा एक फायदा खरा झाला. १९७३ सालीं न्यूयॉर्कमध्यें एका १३ वर्षांच्या काळ्या प्रोटेस्टंट मुलीच्या बाजूनें दावा लागला: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कॅथॉलिक व यहुदी संस्था आपल्या धर्माचीं मुलें आधीं घेतात, आणि काळीं मुलें निकृष्ट जागीं पडून राहतात. १९७५ च्या शंभर वर्षें आधींचा तो धर्माच्या रक्षणाचा कायदा दुसऱ्याच्या लेकरास दार बंद करणारा ठरला होता. १९८६ सालीं तडजोड झाली: जो आधीं येईल त्यास जागा आधीं. हा निर्णय आपल्या विरुद्ध गेला, परंतु तो न्यायाचा होता असें मी मानतों.

पुढील प्रसंग अधिक कठीण आहेत, कारण तेथें प्रश्न चर्चच्या शिकवणुकीचा आला. १९८० सालीं महापौर कॉख यांनीं करारदार संस्थांना नोकरी देतांना समलिंगी व्यक्तींविषयीं भेद न करण्याची अट घातली. आर्चबिशप ओकॉनर यांनीं अशी अट सहीनें मान्य करण्याचें नाकारलें. १९८५ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें महापौरांस तो अधिकारच नव्हता असें ठरविलें. बोस्टन येथें मात्र वाट संपली. तेथील कॅथॉलिक संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ मुलांना दत्तक देत होती. राज्याचे नियम समलिंगी जोडप्यांसहि मुलें देण्यास सांगत होते, आणि संस्थेनें सुमारे वीस वर्षांत १३ मुलें तशीं दिलींहि होतीं. बिशपांनीं हें थांबविण्यास सांगितलें. संस्थेच्या चालकमंडळानें ४२ विरुद्ध ० मतांनीं चालूं ठेवावें असें म्हटलें. मार्च १९०६ नव्हे, २००६ मध्यें, संस्थेनें दत्तकाचें कामच सोडलें. बाहेरच्या सरकारनें अट घातली. पण फूट पडली ती आपल्याच घरांत, बिशप व त्यांचे सर्वांत निष्ठावंत श्रावक यांच्यामध्यें. याचें मला अधिक वाईट वाटतें.

इलिनॉय राज्यांत २०११ सालीं तसाच प्रसंग आला. चाळीस वर्षें राज्याचे करार करणाऱ्या धर्मप्रांतीय संस्था न्यायालयांत गेल्या. न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, सरकारशीं करार करण्याचा कायदेशीर हक्क कोणासहि नाहीं. चाळीस वर्षांची सेवा ही मिळकत नव्हे. सुमारे २,००० मुलें दुसऱ्या संस्थांकडे गेलीं. पिओरिया येथें कार्यकर्ते व मुलें एका नव्या, चर्चशीं संबंध नसलेल्या संस्थेकडे गेलीं. बेलव्हिल येथें संस्थाच धर्मप्रांतापासून वेगळी झाली व करार राखून राहिली. फिलाडेल्फिया येथें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नऊहि न्यायमूर्तींच्या एकमतानें कॅथॉलिक संस्थेच्या बाजूनें निकाल दिला; पण त्याचा आधार अरुंद होता. शहराच्या करारांत अपवाद करण्याची मुभा होती आणि ती या संस्थेस नाकारली, एवढ्यावर तो निकाल उभा आहे. आणि २०२५ सालीं तर शिकवणुकीचा वादहि नव्हता. निर्वासितांना वसविण्याचें काम अमेरिकन बिशपांची परिषद दशकानुदशकें सरकारच्या पैशानें करीत आली होती. जानेवारींत सरकारनें पैसा थांबविला, केलेल्या कामाची थकबाकीहि अडकली, माणसें कमी करावीं लागलीं, आणि एप्रिलमध्यें परिषदेनें ते करार पुन्हा न करण्याचें जाहीर केलें.

आतां आपल्याकडे. आपणहि या वाटेवर नवखे नाहीं. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें शाळांना अनुदान देण्याची पद्धत आणिली, आणि आपल्या कित्येक शाळा तिच्यावरच वाढल्या. १९५८ सालीं केरळच्या शिक्षण विधेयकावर सर्वोच्च न्यायालयानें जें मत दिलें, त्याचा सारांश आपणां सर्वांस ठाऊक असावा: अनुदान देतांना सरकार वाजवी अटी घालूं शकतें, पण अनुच्छेद ३० नें अल्पसंख्याकांस दिलेला संस्था चालविण्याचा हक्क सोडून द्या, अशी अट घालूं शकत नाहीं. हें संरक्षण शाळांचें आहे. अनाथालय त्याच्या सावलींत येईलच असें समजूं नये. शिवाय पैसा न घेतला म्हणजे नियम सुटले, असेंहि नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें निराधार मुलांच्या प्रत्येक गृहास, सरकारी पैसा असो वा नसो, नोंदणी आवश्यक आहे. त्याच वर्षीं संत मदर तेरेसांच्या भगिनींनीं दत्तकाच्या नव्या नियमांखालीं काम करण्यापेक्षां भारतांतील आपलें दत्तक देण्याचें काम थांबविलें. त्यांना तें करतां आलें, कारण त्यांचीं बाकीचीं घरें त्या कामावर किंवा त्या पैशावर उभीं नव्हतीं.

२०१२ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं धर्मादाय कार्याविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत बिशपांस असें बजाविलें आहे कीं, चर्चच्या शिकवणुकीस विरोधी हेतु असणाऱ्यांचें साहाय्य घेऊं नये. आपल्यापुढील योजनेंत तसा हेतु मला दिसत नाहीं. ती मुलांच्या हिताचीच आहे. माझी भीति निराळी आहे, ती खाटांची. महाराष्ट्रांत मुलाला कुटुंबांतच ठेवून मदत देणारी बालसंगोपन योजनाहि आहे, आणि मलरी यांचा मार्ग त्या बाजूस जातो. वसतिगृहच काढावयाचें ठरलें, तर १८७० सालच्या त्या अटीप्रमाणें निम्मा खर्च आपण आपल्या धर्मग्रामांतून उचलूं शकूं काय, हें मीं सभेच्या खजिनदारांस विचारलें आहे, व ते घरोघर फिरून यादी करीत आहेत.

अर्ज सध्यां कार्यालयाच्या कपाटांत आहे. त्यांत मुलांची संख्या लिहिण्यास चौकट आहे, खोल्यांची आहे, खाटांची आहे. वर्षभरांत किती मुलें आपल्या आईकडे परत गेलीं, तें लिहिण्यास चौकट मला सांपडली नाहीं. त्याविषयीं संबंधित अधिकाऱ्यांस पत्र पाठविलें आहे. उत्तर आलें तर पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सभेच्या बैठकींत वाचून दाखवीन.